भाव न पाडता, केवळ सेवेच्या बळावर ग्राहक टिकवता येतो का?

शेजारचा दुकानदार भाव पाडून विकत असताना चांगल्या सेवेने ग्राहक टिकतो का, असे आपण विचारले आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा येथे माझे बियाणे, खते व कीटकनाशकांचे दुकान आहे आणि तेथील अनुभवावरून माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र हसतमुख स्वागत आणि चहा एवढ्यालाच मी सेवा म्हणत नाही.

दुकानदार स्वतःची विक्री बाजूला ठेवून आपल्या हिताचे सांगतो, हे ज्या दिवशी ग्राहकाच्या लक्षात येते, त्या दिवसापासून तो आपला होतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची धास्ती घेऊन शेतकरी महागडे औषध मागतो, तेव्हा मी आधी कामगंध सापळ्यांत, म्हणजे मादीच्या गंधाने या अळीचे नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्यांत, किती पतंग सापडले ते विचारतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळले, किंवा फुलाबोंडांतील प्रादुर्भाव १० टक्क्यांवर गेला, तर फवारणी करावी अशी शिफारस आहे. तशी स्थिती नसेल तर आज औषध नेऊ नका, असे मी स्पष्ट सांगतो. त्या दिवसाची विक्री जाते, परंतु पुढे मी फवारणीचा सल्ला देतो तेव्हा तोच शेतकरी दुसरीकडे भाव विचारायला जात नाही.

खरिपात युरियाची टंचाई असते, तेव्हा ही कसोटी अधिक कठीण होते. ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांच्या ठरलेल्या दरात देताना सोबत नको असलेले टॉनिक किंवा विद्राव्य खत माथी मारणे, म्हणजेच लिंकिंग, शेतकरी वर्षानुवर्षे विसरत नाही. पुरवठादारच वरून लिंकिंग करतात ही अडचण खरी आहे आणि मीही ती सोसतो, तरीही तो बोजा शेतकऱ्यावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

उधारीने ग्राहक बांधला जातो, असा आपल्याकडे मोठा समज आहे. माझ्या मते उधारी फक्त खाते बांधते. कापूस विकून बाकी चुकती झाली की मनाने दूर गेलेला माणूस पुन्हा पायरी चढत नाही.

बियाण्याच्या पक्क्या बिलावर लॉट क्रमांक न मागता लिहून द्यावा. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करताना शेतकऱ्याला तेच बिल लागते आणि अशा वेळी तोंड न लपवता त्याच्यासोबत कृषी कार्यालयात जाणारा दुकानदार गावभर ओळखला जातो.

माणसे ठेवतानाही हाच विचार करावा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या ग्राहकांसाठी मी त्यांची पावरी ही आदिवासी बोली बोलणारा मदतनीस ठेवला आहे, कारण औषधाच्या डब्यावरील लाल त्रिकोणाचा (अतिविषारी असल्याच्या खुणेचा) अर्थ आणि पंपाला किती औषध घालायचे, हे आपल्या बोलीत नीट समजले तरच त्या ग्राहकाचा जीव आणि पीक दोन्ही सुरक्षित राहतात.