कडेवरची नावं

जुन्या लष्करी वस्तूंबद्दल वाचकांचे प्रश्न, उत्तरं ग्वाल्हेरहून

प्रश्न : ताई, पणजोबांच्या पेटीत तीन पदकं सापडली. एक चांदणीसारखं, एक चांदीचं घोड्याचं, एक पितळेचं. तिन्ही काळी पडलीत, फिती कसरीने खाल्ल्यात. दिवाळीआधी चिंच लावून उजळू का? पणजोबा १९१५ साली इराकात होते, एवढंच वडील सांगायचे. आम्ही तिघं भाऊ, एकेक वाटून घेणार आहोत.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : चिंच देवघरातल्या समईला लावा, पदकांना नको. लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. चांदीवरचा काळा थर खरवडलात की त्याबरोबर थोडी चांदीही जाते. दर दिवाळीला असं केलं की वीस वर्षांत पंचम जॉर्जचं नाक सपाट होतं. मी अशी नाकं पुष्कळ पाहिली आहेत. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपा, तेवढं पुरे.

तुमचं ‘पितळेचं’ पदक पितळेचं नाही, कांस्याचं आहे. पंखवाली देवी असेल त्यावर. ते पहिल्या महायुद्धाचं विजयपदक. चांदीचं घोडेस्वाराचं ते ब्रिटिश वॉर मेडल आणि चांदणी म्हणजे १९१४-१५ चा स्टार. आता भिंग घ्या. गोल पदकांच्या कडेवर आणि चांदणीच्या पाठीवर ठशांनी उठवलेली इंग्रजी अक्षरं दिसतील : आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. पदकांचं खरं मोल तिथे आहे. समोरची बाजू लाखो पदकांवर सारखीच, कड मात्र एकट्या तुमच्या पणजोबांची.

पलटण ११० किंवा ११७ मराठा निघाली तर मला लगेच कळवा. या दोन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर इराकात कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. घोडी-खेचरं मारून खायची पाळी आली आणि आपल्यातल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली, आणि कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी परत आले नाहीत. पण पदकावर ‘कुत’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. ते कागदच सांगतो. म्हणून पेटीचा तळ बघा, अस्तराखालीही बघा. नाव कटल्याचा (सेवेतून मोकळं केल्याचा) दाखला, पेन्शनची वही, रेड क्रॉसचं एखादं कार्ड, काहीही. आमच्यातले जाणते गिऱ्हाईक पदकापेक्षा त्या चिठोऱ्यावर आधी झडप घालतात.

फिती फेकू नका. पाकिटात घालून पदकांबरोबरच ठेवा. प्लॅस्टिकच्या चिकट पिशव्या नकोत, प्लायवुडची फ्रेमही नको.

आणि वाटणी. घराची करा, शेताची करा, आजीच्या पाटल्यांची करा. ही तीन पदकं एका माणसाची आहेत, ती एकत्रच राहू द्या. थोरल्याकडे ठेवा आणि बाकीच्या दोघांना फोटो द्या.

प्रश्न : इथल्या एका व्यापाऱ्याकडे ‘ग्वाल्हेर स्टार’ आहे. म्हणतो, तुमच्याच शिंद्यांच्या तोफेचा बनवलाय. किंमत ऐकून मला घाम फुटला. खरा कसा ओळखायचा?
— बडोद्याहून एक संग्राहक

उत्तर : तोफेची गोष्ट खरी आहे. तारा खरा आहे का, हा प्रश्न वेगळा.

१८४३ च्या सुरुवातीला जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. ताराबाईंनी लहानग्या जयाजीरावांना दत्तक घेतलं. दरबारात भाऊबंदकी माजली आणि इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरो याला चालून यायला निमित्त मिळालं. २९ डिसेंबरला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या : महाराजपूरला सर ह्यू गफ, पनिहारला जनरल ग्रे. जिंकलेल्या तोफांचं कांसं कलकत्त्याच्या टांकसाळीत गेलं, तिथे त्याचे तारे झाले आणि ते इंग्रजांकडून लढलेल्यांच्या छातीवर लागले. मराठी माणसाने असा तारा घरात आणावा का, यावरून आमच्याकडे दोन जेवणं निवली आहेत. आमचे हे म्हणायचे, शत्रूचं पदक. मी म्हणायची, धातू आपला आहे, तो घरी आला तर बिघडलं काय?

आता ओळख. सहा टोकांचा कांस्याचा तारा, त्यावर मधोमध बसवलेला चांदीचा छोटा तारा, त्यात तारीख आणि भोवती महाराजपूर किंवा पनिहार, जुन्या इंग्रजी स्पेलिंगात. व्यापाऱ्याच्या ताऱ्यावर दोन्ही नावं असतील तर नमस्कार करून उठा. चांदीचा तारा वेगळा बसवलेला हवा. सगळं एकसंध ओतून मधल्या भागाला मुलामा दिलेला चालणार नाही. पाठीवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. हा तारा मुळात फितीला लटकवायचा नव्हता, पाठीमागच्या आकड्याने कोटाला अडकवायचा होता. फितीची हौस लोकांनी नंतर स्वतःच्या खिशातून भागवली. म्हणून वरच्या कड्या निरनिराळ्या दिसल्या तर दचकू नका. पाठीवर जुन्या आकड्याची खूण सापडली तर मी खूश होईन.

मूळ पदकावरून साचा काढून ओतलेली नक्कल निवताना आकसते, म्हणून ती किंचित लहान भरते. तिच्या अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर असतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. गोल पदकांनाही तेच माप लावा. इंग्रजांची बहुतेक पदकं ३६ मिलिमीटरची. एखादं ३५ वर आलं तर कुणीतरी जुनं नाव घासून कडेवर नवं, महागडं नाव बसवलंय असं समजा. माझ्या पहिल्या चार खरेदींतल्या दोन अशाच निघाल्या. त्या काळी माझ्याकडे कॅलिपर नव्हता, उत्साह होता.

आणखी एक. शंभर वर्षांवरची वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. व्यापाऱ्याला परवाना दाखवायला सांगा. ‘आज संध्याकाळपर्यंतच हा भाव’ असं तो म्हणाला, तर संध्याकाळ उलटून जाऊ द्या.

प्रश्न : आमच्याकडे पितळी तोफगोळ्याची फुलदाणी आहे, तळाला आकडे आहेत. कबाड्याने तसाच आणखी एक आणलाय. याला वर टोकही आहे, आत काहीतरी भरल्यासारखा जड. जोडी होईल म्हणून घेऊ का?
— महूहून एक गृहिणी

उत्तर : नाही. फुलदाणी म्हणजे उडवून झालेलं रिकामं काडतूस, ती ठेवा. दुसऱ्याला हात लावू नका, ठोकून बघू नका, उन्हात ठेवू नका, मुलांना लांब न्या आणि आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन करा. कबाड्यालाही तेच सांगा. फायरिंग रेंजजवळच्या भंगारात माणसं जातात, बाई. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायचं नाही म्हणून मी या गृहिणीला फोनवर कळवलंय. इथे लिहिलं ते बाकीच्यांसाठी.

प्रश्न : काकू, तुम्ही सगळ्यांना शहाणपण सांगता. तुमच्या स्वप्नातली वस्तू कोणती ते एकदा सांगा ना!
— लष्करातला तुमचा शेजारी

उत्तर : आमच्या गावाचं नावच लष्कर, इथे वेड्यांची कमी कशी असेल! शिंद्यांच्या कवायती पलटणींना ‘कंपू’ म्हणत. त्या नावाची वस्ती अजून आहे आणि आम्हा चार-पाच जणांचाही एक कंपूच आहे. दर रविवारी बाड्यावर चहा होतो आणि प्रत्येकाचं स्वप्न उकळून निघतं.

एकाला असईच्या लढाईचं नाव असलेली पट्टी लावलेलं आर्मी ऑफ इंडिया मेडल हवंय. असई झाली १८०३ ला, पदक दिलं १८५१ ला, तेही हयात असून अर्ज केलेल्यांनाच. अठ्ठेचाळीस वर्षं जगून अर्ज करणारे असे असणार किती? दुसऱ्याला ‘लॉयल्टी’ जहाजावरची बशी हवी आहे. माधवराव महाराजांनी १९१४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज विकत घेऊन त्याची इस्पितळ-बोट केली होती. हे स्वप्न मला आवडतं, कारण बशी फुटली असती तर कुणी गोंदाने चिकटवून ठेवली असेल याचीही त्याला खात्री आहे. तिसऱ्याची झेप व्हिक्टोरिया क्रॉसवर, म्हणजे इंग्रजांच्या शौर्याच्या सर्वोच्च पदकावर. १७ जून १८५८ ला इथेच, कोटा की सरायजवळच्या लढाईत, आठव्या हुसार्स या इंग्रज घोडदळाच्या चौघांना तो मिळाला. त्याच लढाईत राणी लक्ष्मीबाई पडल्या असं मानतात. मी त्याला विचारलं, मिळाला तर लावशील कुठे, राणीच्या तसबिरीखाली? त्या रविवारी चहाचे पैसे त्याने दिले नाहीत.

मीही बरीच वर्षं सोन्यावर डोळा ठेवून होते. महाराजपूरच्या लढाईत गफची बायको, इंग्रज अधिकारी हॅरी स्मिथची बायको हुआना अशा काही बायका हत्तींवर बसून तोफांच्या माऱ्यात सापडल्या. एलेनबरोने त्यांना सोन्याचे, मीनाकाम केलेले तारे दिले. लढाईतल्या बायकांसाठी घडवलेला दागिना म्हटल्यावर सराफाच्या सुनेला मोह होणारच.

पण आता माझं स्वप्न कांस्यावर उतरलंय आणि त्याला कारण आमचंच दुकान.

१९७६ ला मी लग्न होऊन सराफ्यात आले. पुढे दुकान, मागे भट्टी. १९७९ चा हिवाळा आला आणि चांदी पेटली. तिकडे अमेरिकेत हंट नावाच्या भावांनी चांदी साठवून ठेवली होती. वर्षाच्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९८० मध्ये पन्नासाच्या घरात गेला. भिंड-मुरैन्याच्या गावांतून बायका फडक्यात बांधून चांदी मोडीला आणायच्या. तोडे, कमरपट्टे आणि ‘घोडेवाला सिक्का’. म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. एकेक अडीच तोळ्यांच्या आसपास. मामंजी आधी वरची पट्टी कापून काढायचे, डाखाची (झाळणीच्या धातूची) घट नको म्हणून. मग सगळं मुशीत.

मी मॅट्रिक होते, कडेवरचं इंग्रजी वाचता यायचं. पहिल्या दिवशी एक नाव सहज वाचलं आणि वजनाच्या वहीत वजनाशेजारी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सात लिहिली. मामंजी हसले, म्हणाले, सूनबाई, आटणीला नाव नसतं. पण वही काढून घेतली नाही. मार्चअखेर भाव कोसळला तोवर माझी सत्त्याऐंशी नावं झाली होती : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आणि ते सत्त्याऐंशी घोडे मी स्वतः भट्टीवर चढवलेले. त्यांतले काही फुंकणीने मीच फुंकले.

पुढे पंधरा वर्षांनी कळलं की चांदीच्या पदकाबरोबर त्याच माणसाला बहुधा कांस्याचं विजयपदकही मिळायचं, तोच नंबर, तेच नाव. चांदी आटली. कांस्याला कुणी विचारलं नाही, म्हणजे ते कुठेतरी पडलेलं असणार. तेव्हापासून मी कबाड्यांच्या पराती उपसते. मुरैन्याच्या बाजारात एक पदक शेळीच्या गळ्यात सापडलं होतं. कड वाचायला आधी शेळी धरावी लागली. ते वहीतलं नव्हतं.

आतापर्यंत दोनच जुळली आहेत. दुसरं २००३ च्या मेळ्यात, नळाच्या तोट्या आणि गंजलेल्या कुलपांच्या ढिगात, चाळीस रुपयांना. घरी येऊन वही उघडली. नंबर जुळला, पलटण जुळली, नावात एक अक्षर वेगळं. मी १९८० मध्ये दिवे गेलेले असताना लिहिलं होतं, चूक माझीच. शाईने दुरुस्त केलं आणि शेजारी तारीख घातली.

म्हणून माझ्या स्वप्नातल्या वस्तू पंचाऐंशी आहेत, आणि त्यातली एखादी तुमच्याच कुणाच्या घरी असेल. पंखवाली देवी दिसली तर कडेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो कागद मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. पदक पाठवू नका, ते तुमच्याकडेच राहू द्या. मला फक्त कड वाचायची आहे.