ट्रेन सिम्युलेटर गेम खेळायला नवख्याने सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर कराडला, कॉलेजचं शेवटचं वर्ष, लहानपणापासून रेल्वेचं वेड, हातात पाच-सहा वर्षांपूर्वीचा साधा लॅपटॉप. एक ट्रेन सिम्युलेटर उतरवून पाहिला. आधी गाडी जागची हलेना, आणि हलली तेव्हा स्टेशन मागे टाकून निघून गेली. आता कुठला गेम घ्यावा आणि शिकायचं कुठून?

स्टेशन मागे टाकून गेली हे वाचून बरं वाटलं. माझी पहिली गाडी तर लाल सिग्नल ओलांडून गेली होती. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, घर माधवनगरला, रुळापासून हाकेच्या अंतरावर. गेली आठ-नऊ वर्षं रात्री जेवण झालं की तासभर गाडी चालवतो. घरी याला ‘ह्यांची ड्यूटी’ म्हणतात. तेव्हा जे सांगतोय ते एका हौशी माणसाचं आहे, तज्ज्ञाचं नाही.

आधी गेमचं बोलू. पहिले दोन महिने एक रुपयाही खर्च करू नका. ‘ओपन रेल्स’ नावाचा सिम्युलेटर पूर्ण फुकट आहे, विंडोजवर चालतो आणि तुमच्यासारख्या जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर करत नाही. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ‘ट्रेन सिम्युलेटर’ काढला होता. त्याच्यासाठी बनवलेले रूट (म्हणजे गेममधले रेल्वेमार्ग) आणि इंजिनं ओपन रेल्समध्ये चालतात. नुसता ओपन रेल्स म्हणजे रिकामी भांडी, स्वयंपाकाचं सामान वेगळं आणावं लागतं. पण नवख्यांसाठीचे काही रूट त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, आणि आपल्याकडच्या हौशी मंडळींनी भारतीय इंजिनं, डबे, रूट असं बरंच काही बनवून ठेवलंय.

विकत मिळणाऱ्यांत डव्हटेल कंपनीचे दोन गेम तुम्ही यूट्यूबवर पाहिले असतील. ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ दिसायला अप्रतिम आहे, पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. तुमच्या लॅपटॉपवर गाडी नाही, फक्त पंखा जोरात चालेल. ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ त्या मानाने हलका आहे. तो ‘स्टीम’ या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर सवलतीत मिळाला तर घ्या, फक्त खरेदीपासून चौदा दिवसांत आणि खेळण्याचे दोन तास भरायच्या आत पैसे परत मागता येतात हे लक्षात ठेवून लगेच चालवून बघा. आणि अ‍ॅड-ऑनच्या मोहात पडू नका, म्हणजे वेगळी विकत घ्यायची जादा इंजिनं आणि रूट. मी एकदा सवलत दिसली म्हणून एक इंजिन घेतलं, रात्री बाराला ते सुरू करायला गेलो तर कळलं की ते चालवायला आणखी एक रूट विकत घ्यावा लागतो. बारीक अक्षरात लिहिलं होतं. चूक माझीच. दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासणाऱ्या माणसाने स्वतःची वाचली नाही!

मोबाइलवरचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ चेन्नईच्या हायब्रो कंपनीचा. वेळ घालवायला छान आहे, ओळखीची इंजिनं दिसतात. पण ब्रेक शिकायचा असेल तर त्याचा उपयोग नाही.

आता तुमची जागची न हलणारी गाडी. नव्वद टक्के वेळा कारण या चारांतलं एक असतं: रिव्हर्सर (गाडी पुढे जाणार की मागे हे ठरवणारा दांडा) न्यूट्रलमध्ये राहिलाय, गाडीचा ब्रेक सुटलेला नाही, इंजिनाचा वेगळा ब्रेक लागलेला आहे, किंवा विजेचं इंजिन आहे आणि पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा) वर केलेला नाही. ओपन रेल्समध्ये रिव्हर्सर पुढे करायला डब्ल्यू, नॉच (म्हणजे इंजिनाच्या जोराचा टप्पा) वाढवायला डी, कमी करायला ए. गाडीचा ब्रेक सोडायचा अर्धविरामाच्या कळीने, लावायचा तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळीने. इंजिनाचा ब्रेक चौकटी कंसांच्या कळींवर, पँटोग्राफ पी वर. एक गंमत ध्यानात ठेवा: ट्रेन सिम्युलेटर क्लासिकमध्ये ए आणि डी बरोबर उलटे आहेत. दोन्ही गेम आलटूनपालटून खेळाल तर एके दिवशी फलाटात शिरताना नॉच कमी करायच्या ऐवजी वाढवाल. मी वाढवलाय.

एफ-फाइव्ह दाबलं की आकडे दिसतात. त्यात ब्रेक पाइपचा दाब बघायची सवय लावा, वेगाच्याही आधी. कारण सगळा खेळ त्या पाइपात आहे.

मोटरसायकलच्या ब्रेकसारखा हा ब्रेक नसतो. संपूर्ण गाडीखालून एक नळी गेलेली असते आणि तिच्यात दाबाची हवा असते. आपल्याकडे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो. हवा पूर्ण भरलेली असली की ब्रेक सुटलेला. तुम्ही ब्रेक ‘लावता’ म्हणजे त्या नळीतली थोडी हवा बाहेर सोडता. दाब पडला की प्रत्येक डब्याखालची टाकी आपली साठवलेली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये ढकलते आणि चाकं आवळली जातात. असं उलटं का, तर मधेच कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तरी नळी फाटून हवा जाते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

यातून तीन गोष्टी निघतात आणि नवखा तिन्हीत फसतो. पहिली म्हणजे हवेला प्रवास करायला वेळ लागतो. ब्रेक लावला तो क्षण आणि शेवटच्या डब्याला तो कळला तो क्षण यात अंतर असतं, मालगाडीला तर चांगलंच. नवखा ब्रेक लावतो, काही होत नाही म्हणून आणखी लावतो, मग एकदम सगळं लागतं आणि गाडी फलाटाच्या अलीकडेच मुंडी घालून उभी. दुसरी, ब्रेक सोडायचा म्हणजे नळी पुन्हा भरायची, आणि भरायला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सारखं लाव-सोड, लाव-सोड केलंत तर टाक्या पुरत्या भरतच नाहीत आणि उतारावर ऐन वेळी ब्रेकमध्ये दम उरत नाही. तिसरी, अमेरिकन मालगाड्यांचा ब्रेक थोडासा सोडता येत नाही. सोडला की पूर्ण सुटतो. आपल्या गाड्यांचा थोडा थोडा सोडता येतो. ओपन रेल्सच्या सेटिंगमध्ये ‘ग्रॅज्युएटेड रिलीज’ असा पर्याय आहे, तो सुरुवातीला चालू ठेवा, निम्मी डोकेदुखी जाईल.

आमच्या गल्लीत मिरजेहून निवृत्त झालेले एक लोको पायलट राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. दोन-तीन वर्षांपूर्वी दिवाळीचा फराळ द्यायला आले आणि माझ्या मागे उभे राहून बघत बसले. मला वाटलं कौतुक करतील. पाच मिनिटांनी म्हणाले, “लेका, सी-फाची पाटी गेली की. शिटी कुठाय?” फाटकाच्या आधी पिवळी पाटी असते ना, सीटी-फाटकवाली, ती. मला ती पाटी म्हणजे शोभेचं चित्र वाटत होती. मग खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, “निघाल्यावर ब्रेक बघितलास का?” गाडी सुटून थोडा वेग आला की एकदा हलका ब्रेक लावून ती कशी धरते हे बघायचं, याला ‘ब्रेक फील टेस्ट’ म्हणतात आणि खरे पायलट ती करतातच. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गाडीला वीस-पंचवीसच्या वेगात करतो. गेममध्ये तिचा दुप्पट उपयोग, कारण कुठल्या हौशी माणसाने कुठल्या डब्याला कसा ब्रेक बसवलाय हे चालवल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या आठवड्यात म्हणून एवढंच करा. एक इंजिन, आठ-दहा डबे, सपाट रूट, दोन स्टेशनं. नॉच एकदम आठवर नेऊ नका. एकवर गाडीला ताण येऊ द्या, मग चढवा. ऐंशीचा वेग धरा, आणि पुढच्या फलाटावर बरोबर ठरलेल्या जागी थांबा. चुकलं की पुन्हा. कंटाळवाणं वाटेल, पण शंभरच्या वेगातून बऱ्यापैकी ब्रेक लावून थांबायला साधारण पाऊण किलोमीटर लागतो, आणि तोच वेग पन्नासवर आणलात तर दोनशे मीटर पुरतात. वेग निम्मा, अंतर चौथाई. हे हातात बसलं की तुम्ही आपोआप लवकर आणि हलका ब्रेक लावायला लागता, आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये ब्रेक जवळजवळ सोडून गाडी अलगद टेकवता. माझी बायको गेमकडे ढुंकून बघत नाही, पण कोयना एक्सप्रेसने जाताना सांगली स्टेशनात धक्का बसला की आता तीच माझ्याकडे बघते.

सिग्नलसाठी एक सल्ला जो मला कोणी दिला नव्हता: सुरुवात भारतीय किंवा ब्रिटिश रूटने करा. दोन्हीकडे हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल हीच उतरंड आहे. दोन पिवळे दिसले की पुढचा एक पिवळा असू शकतो, त्याच्या पुढचा लाल, असं मनात मोजत यायचं. अमेरिकन किंवा जर्मन सिग्नल ही वेगळी बाराखडी आहे, ती नंतर. आपल्याकडे होम सिग्नलला (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलला) पिवळ्याबरोबर तिरके पाच पांढरे दिवे दिसले तर तुम्हाला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतलंय, वेग आधीच उतरवा. एफ-फोरने ट्रॅक मॉनिटर उघडतो, त्यात पुढचा सिग्नल आणि वेगमर्यादा दिसते. महिनाभर तो वापरा, मग बंद करा.

बंद केल्यावर कळेल की खरी गंमत रस्ता पाठ असण्यात आहे. लोको पायलटला नव्या मार्गावर एकट्याने गाडी देत नाहीत, आधी फेऱ्या मारून रस्ता शिकावा लागतो: कुठे चढ, कुठे वळण, कुठला सिग्नल झाडाआड येतो. तुमच्या दारातच शाळा आहे. कराडहून पॅसेंजरने सांगलीला या, खिडकीशी बसा. शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, आमणापूर, भिलवडी, नांद्रे, माधवनगर. कुठे इंजिनाचा आवाज बंद होतो आणि गाडी नुसती घरंगळते ते ऐका. माझ्यासारख्याला वाटायचं की इंजिन सतत ओढत असतं. निम्मा वेळ ते ओढत नसतंच. उलट्या दिशेला साताऱ्याच्या पुढे वाठार ते आदर्की हा घाट एकदा दिवसाउजेडी बघा. घाटात गाडी उतरवताना ब्रेक लावून वेग पाडायचा नसतो, वेग वाढूच द्यायचा नसतो. डायनॅमिक ब्रेक त्यासाठीच आहे, मोटर उलट्या जनित्रासारख्या चालवून गाडी धरणारा. तो शिकल्याशिवाय कुठल्याही सिम्युलेटरमध्ये घाटाच्या वाटेला जाऊ नका.

मालगाडीचं वेड मला लागलं ते २०१६ च्या पाण्याच्या गाडीमुळे. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, आणि पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटर. मिरजेला ती गाडी भरताना बघायला आम्ही गेलो होतो. घरी येऊन कागदावर हिशेब केला: पंचवीस लाख लिटर म्हणजे नुसतं पाणीच अडीच हजार टन, लोखंड वेगळं. शंभराला एक असा चढ आला तर त्या पाण्यासाठीच पंचवीस टनांची जादा ओढ हवी. पुढे सिम्युलेटर हाताशी आल्यावर पन्नास टाकी-वाघिणी जोडून बघितल्या. पहिल्या चढावर चाकं घसरायला लागली, पकड यावी म्हणून रुळावर वाळू सोडली, तरी गाडी उभी राहिली ती राहिलीच. तिसऱ्या रात्री निघाली, एका नॉचवर मिनिटभर थांबून.

तुम्ही मात्र त्या वाटेला दोन महिने जाऊ नका. जॉयस्टिक, महागडं लीव्हरचं खोकं यातलं काही आत्ता लागत नाही, कीबोर्ड पुरे. आणि हो, फलाटाच्या दोन किलोमीटर आधी एफ-टू दाबून गाडी सेव्ह करून ठेवत जा, म्हणजे चुकल्यावर पुन्हा सुरुवातीच्या स्टेशनापासून यावं लागणार नाही.