पणजीत ब्रास बँडचा कार्यक्रम आहे, पाश्चात्त्य शास्त्रीय आणि लष्करी संगीताचा. मी आजवर फक्त नाट्यसंगीत ऐकलंय. मला तो कळेल का?

कळेल, नक्की जा. मी फोंड्याकडचा, देवळातल्या चौघड्यावर वाढलेला. पहिल्यांदा गेलो तेव्हा वरातीतला बँडच सभागृहात ऐकायचाय, अशा समजुतीने गेलो होतो. सुरुवात झाली ती होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने 1909 साली लष्करी बँडसाठी लिहिलेल्या सुइटने, म्हणजे एकामागून एक वाजणाऱ्या छोट्या रचनांच्या मालिकेने. मोठा आवाज नाहीच. मागच्या रांगेतून ट्यूबा आणि युफोनियम या जाड आवाजाच्या पितळी वाद्यांनी खालच्या सुरात हळूच एक ओळ धरली. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात ना, तशी ती ओळ फिरत राहते आणि बाकीची वाद्यं तिच्यावर चढत जातात. मधे ती उलटीही होते. माझ्या अंगावर काटा आला होता.

म्हणून माझं सांगणं, ट्रम्पेटकडे लक्ष आपोआप जाईल, तुम्ही खालचे सूर ऐका. आणि पहिल्या रांगेत बसू नका, सगळे आवाज एकजीव होऊन यायला थोडं अंतर लागतं.

आपल्या शिंगाला किंवा बिगुलाला कळ नसते. ओठ आवळून फुंकलं की सूर ठरावीक पायऱ्यांवर उड्या मारतो, मधले मिळत नाहीत. 19व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत या नळ्यांना व्हॉल्व्ह बसले. व्हॉल्व्ह दाबला की हवेचा रस्ता लांबतो, सूर उतरतो. तीन व्हॉल्व्हांत बाराही सूर हाती येतात. ट्रॉम्बोनची तर नळीच सरकते, त्याच्यासारखी मींड तिथे दुसरं कुणी घेत नाही. दोन गाण्यांच्या मधे वादक कळ दाबून जमिनीवर थेंब सांडतात, ती थुंकी समजू नका. बहुतेक श्वासातली वाफच नळीत गार होऊन साचलेली असते.

आणि हे संगीत गोव्याला परकं कधीच नव्हतं. फेस्ताच्या पहाटे वाड्यावाड्यांतून बँड फिरतो, तो तुम्ही ऐकलाच असेल. चर्चच्या शाळांत पोरं नोटेशन वाचायला शिकली, त्यांतलेच कितीतरी पुढे ब्रिटिशांच्या लष्करी बँडांत आणि मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत गेले. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे.

शेवटी थोरल्या योहान श्ट्राउस या व्हिएन्नाच्या संगीतकाराचा 1848 चा राडेट्स्की मार्च वाजला, तर टाळ्यांचा ठेका धरायची रीत आहे. पण कंडक्टर तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा, आणि मधल्या हळू भागात टाळीही हळूच द्या.