प्रोजेक्टमधली रीडिंग जुळत नसतील तर काय करावं?

तुम्ही विचारलंय, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये तुमची रीडिंग इतरांशी जुळत नाहीत, सर म्हणतात "जरा जुळवून घे", तर आर्गॉन वायू शोधणाऱ्या विल्यम रॅम्झींसारख्या रसायनशास्त्रज्ञाने अशा वेळी काय केलं असतं?

जुळवू नका.

आर्गॉनची गोष्ट तुम्हाला पाठच असणार, पण तिच्यातले आकडे बघा. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरत होता, संयुगांतून काढलेला १.२५०५. फरक जेमतेम अर्धा टक्का. हे मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेंनी तो झाकला नाही, १८९२ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाला पत्र पाठवून केमिस्ट लोकांनाच कारण विचारलं. रॅम्झींनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हापुन्हा फिरवून शोषून घेतला, आणि जे उरलं, म्हणजे आर्गॉन, ते दोघांनी मिळून १८९४ मध्ये जगाला सांगितलं. त्याआधी १०९ वर्षं हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने हवेतला नायट्रोजन असाच संपवून पाहिला, तेव्हा त्याच्या नळीतही एक बुडबुडा उरला होता. एकूण नायट्रोजनच्या १/१२० भागापेक्षा जास्त नाही, असं त्याने लिहून ठेवलं होतं. ते लिहिलेलं होतं म्हणून पुढच्यांना सापडलं.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये २६ हंगाम काढले. तिसऱ्या हंगामातली रात्रपाळी. मिक्स ज्यूसचं ब्रिक्स (रसात विरघळलेलं सगळं मिळून, टक्के) १७.८, पोल (त्यातली साखर) १३.६. म्हणजे प्युरिटी (ब्रिक्समधला पोलचा टक्का) ७६.४, आदल्या रात्री ८१ च्या वर होती. मी नळी धुतली, नवा नमुना आणला, रस निवळायची शिशाची पूड, ड्राय लेड, टाकून पुन्हा गाळला. लॅब बॉय कानडीत म्हणाला, "सर, मत्तोम्मे?" म्हणजे पुन्हा एकदा? तिसऱ्यांदाही काटा तिथेच. शेवटी यार्डात गेलो. तोडणीची टोळी मध्येच निघून गेली होती आणि चार दिवस फडात पडलेला ऊस त्या रात्री आला होता. कांड्या टोकाला लालसर, आंबूस वास. सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालं की पोल खाली येणारच, ब्रिक्स तसंच राहतं. माझा आकडा खरा होता.

सकाळी साहेबांनी रजिस्टरमध्ये १३.६ वर लाल रेघ मारून १४.५ लिहिलं. म्हणाले, "आकडा लिहायलाही अक्कल लागते." मी गप्प बसलो, ते आजही सलतं. साहेब, अक्कल रेघ मारायला लागत नाही, यार्डात जाऊन ऊस बघायला लागते! आकडे जुळवणारा माणूस कारकून, त्याला केमिस्ट म्हणू नये. तुमच्या सरांनाही हेच सांगा, नम्रपणे सांगा, पण सांगा.

हो, एक राहिलं. आधी स्वतःची चूक शोधा. दहातली नऊ वेगळी रीडिंग मळलेल्या ब्युरेटची नाहीतर जुन्या स्टँडर्ड द्रावणाची असतात. द्रावण नव्याने करा, जमलं तर दुसऱ्या पद्धतीनेही मोजा. पीएच.डी.च्या वाटेबद्दल मात्र मला विचारू नका, मी बी.एस्सी.वर थांबलो. आणि टाटांच्या संस्थेसाठी, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससाठी, बेंगळूरची शिफारस याच रॅम्झींनी केली होती, जमलं तर तिथे अर्ज करा.

वही पेनाने लिहा, खोडरबर लॅबमध्ये नेऊ नका. त्या रात्रीचा १३.६ माझ्या खिशातल्या डायरीत आहे, तिन्ही वेळांसह: १:१०, १:५५, २:४०.