जाहिरात लागली की आवाज काहून वाढते?

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमच्याकडे रात्री आठ ते नऊ टीव्ही सासूबाईंचा. त्यांना कमी ऐकू येते म्हणून आवाज मोठा ठेवतो, अन् जाहिरात लागली की तो घरभर दणाणते. पाळण्यातलं लेकरू दचकून उठते. वरून नायिकेनं दाराची कडी काढली की ब्रेक, दाराबाहेर कोण ते ब्रेकनंतर! दर महिन्याला डिशचे पैसे भरूनही हे काहून सोसावं? याच्यावर काही कायदा आहे का? अन् घरच्या घरी काय करता येईल?
— एक गृहिणी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी लेकराची झोप, मग कायदा. तुम्हाला भास होत नाही, जाहिरात कानाला मोठीच लागते. मालिकेत कुणी कुजबुजते, कुणी ओरडते, मधे शांतता असते. जाहिरातवाले हळू आवाजही वर ओढून घेतात, त्यामुळे सबंध जाहिरातीत कानाला उसंत म्हणून मिळत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंडखाली ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘व्हॉल्यूम लेव्हलर’ असं सापडतं का पाहा. सापडलं तर चालू करा. जाहिरात पूर्ण दबणार नाही, पण दचकणं कमी होईल.

तिथंच ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ असा पर्याय असला तर तोही लावा. सासूबाईंना बहुतेक बोलणं ऐकू येत नसेल, पार्श्वसंगीत येत असेल. वयानुसार तसंच होते. बोलणं पुढं आलं की एकूण आवाज खाली आणता येईल. काही जण हेडफोन सुचवतील. पण बऱ्याच टीव्हींत हेडफोन जोडला की स्पीकर बंद पडतो, मग तुम्ही काय नुसत्या बाहुल्या पाहणार?

आता कायदा. 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांत जाहिरातीचा आवाज अतिमोठा नसावा असं लिहिलेलं आहे. तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात नको, हेही त्याच नियमांत आहे : 10 मिनिटं बाहेरच्या मालाची, 2 मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. ट्राय म्हणजे दूरसंचार अन् टीव्ही-वाहिन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिनं 2012 मध्ये त्यावर वेगळे विनियम काढले आणि 2013 मध्ये सुधारले. वाहिन्या कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं, जाहिरात कमी केली तर चालवायचं कशावर. दिल्ली उच्च न्यायालयानं तेव्हा वाहिन्यांवर सक्तीची कारवाई करू नका असा अंतरिम आदेश दिला, आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. नियम वहीत राहिला अन् ब्रेक तुमच्या घरात.

मोजायचंच असेल तर अर्ध्या तासाच्या मालिकेवर मोजू नका. मर्यादा घड्याळाच्या पूर्ण तासाची आहे. वाहिनी आठ ते साडेआठमध्ये जास्त दाखवून पुढच्या अर्ध्या तासात हात आखडता घेऊ शकते. आठ ते नऊ असं धरा. तारीख, वाहिनी, ब्रेक कधी लागला, कधी सुटला, एवढं वहीत लिहा. तक्रार आधी वाहिनीकडेच करायची असते. 2021 च्या नियमांप्रमाणे त्यांनी 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायला हवा. पटलं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील, त्याच्यावर केंद्र सरकार. माझ्या मतानं एका पत्रानं ब्रेक आखूड होणार नाही. आवाजाच्या तक्रारीत मात्र थोडा दम आहे, तिथं पैशाचं गणित एवढं आड येत नाही.

पैसे भरूनही जाहिरात का? पैसे घेणाऱ्या वाहिनीनं जाहिरात दाखवू नये, असा नियमच आपल्याकडे नाही. फुकट वाहिनी असो की विकतची, मर्यादा तीच. म्हणून जाहिरातीच्या रागानं डिश काढून डीडी फ्री डिश लावू नका. तिथं महिन्याचं भाडं वाचते, तो फायदा मोठा आहे, पण जाहिराती सुटत नाहीत.

खरा उतारा रेकॉर्डिंगचा. तुमच्या सेट टॉप बॉक्सच्या मागं किंवा बाजूला यूएसबीचं भोक आहे का, अन् रिमोटवर लाल ठिपक्याचं रेकॉर्ड बटण आहे का, पाहा. काही बॉक्समध्ये ही सोय कंपनीनं दिलेली असते, काहींत भोक नुसतं सॉफ्टवेअर भरायला ठेवलेलं असते. सोय असेल तर बऱ्यापैकी वेगाचा पेनड्राइव्ह लावा. बाजारातल्या अगदी स्वस्तातल्यावर चित्र अडखळते. पेनड्राइव्ह आधी रिकामा करून घ्या, कारण बॉक्स तो फॉरमॅट करायला सांगतो आणि लग्नाचे फोटो असतील तर गेले. आठला रेकॉर्डिंग लावायचं, तोवर भाकरी उरकायच्या, साडेआठच्या आसपास पाहायला बसायचं अन् ब्रेक आला की पुढं पळवायचं. डिशच्या विकतच्या वाहिनीचं रेकॉर्डिंग बहुतेक त्याच बॉक्सवर चालते, शेजारच्या टीव्हीवर नाही. जाऊबाईला पेनड्राइव्ह देऊन उपयोग नाही.

बॉक्समध्ये सोय नसेल तर म्यूट. माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या रिमोटांत व्हॉल्यूम आणि म्यूटचीच बटणं आधी मरतात. रिमोटला प्लास्टिकची पिशवी अन् रबर गुंडाळलेलं असलं तरी. रिमोट उघडा. रबरी पॅडच्या खालच्या काळ्या टिकल्या आणि हिरव्या पट्टीवरचे त्यांच्यासमोरचे ठिपके असतात, त्यांवर हाताचं तेल अन् धूळ बसलेली असते. पट्टीवरचे ठिपके पेन्सिलच्या खोडरबरनं हलकेच घासा, पॅड कोरड्या सुती फडक्यानं पुसा. पाणी लावू नका. तेवढ्यानं बहुतेक बटणं जागी होतात, नाही झाली तर नवा रिमोट घ्या. त्याच्यासाठी दारव्ह्याची चक्कर पुरे, यवतमाळ गाठायची गरज नाही.

प्रश्न : ब्रेक लागला म्हणून दुसऱ्या चॅनलवर गेलो तर तिथंही ब्रेकच! हे मुद्दाम करतात काय?
— एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : एकाच कंपनीच्या वाहिन्यांत मुद्दाम करता येते आणि करतातही. एकच जाहिरात अनेक वाहिन्यांवर एकाच वेळी लावायची सोय जाहिरातदाराला विकतात. बाकीच्यांचं गणित मालिकांच्या घडणीमुळे जुळते, सगळ्यांच्याच आठला सुरू अन् साडेआठला संपतात. चॅनल बदलायचंच असेल तर मालिकेकडून मालिकेकडे न जाता दूरदर्शनच्या सह्याद्रीवर जाऊन पाहा.

प्रश्न : मोबाईलवर पाहिलं तर जाहिराती टळतील का? मुलगा म्हणते, पैसे भरले की टळतात.
— एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : मुलाचं म्हणणं अर्धंच खरं, भाऊ. प्राइम व्हिडिओनं 17 जून 2025 पासून भारतातही जाहिराती सुरू केल्या. वर्गणी भरूनही त्या दिसतात आणि नको असतील तर वर्षाला 699 रुपये वेगळे ठेवले. कुठलीही वर्गणी भरण्याआधी योजनेत ‘जाहिरातीविना’ असं स्पष्ट लिहिलंय का, ते मुलाकडून वाचून घ्या. अन् क्रिकेट पाहायचं म्हणून भरत असाल तर पैसे ठेवा. थेट सामन्यात ओव्हर संपली की जाहिरात तिथंही येतेच.