जेमतेम जीपीए, चार वर्षांची सैन्यसेवा आणि वैद्यकीय प्रवेश

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांचे पालक मला वारंवार विचारतात: मुलाने महाविद्यालयात जेमतेम गुण मिळवले, मग वेगळीच वाट धरली आणि आता तिशीच्या तोंडावर त्याला डॉक्टर व्हायचे आहे, तर हे शक्य आहे का? न्यू जर्सीतील एका कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या अनुमतीने आणि ओळख पटणारे तपशील बदलून, येथे मांडते.

मुलगा सत्तावीस वर्षांचा होता. पहिली दोन वर्षे प्री-मेडचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाआधी लागणारे, विषय घेऊन त्याने नंतर अर्थशास्त्राकडे मोर्चा वळवला होता आणि १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे एकक) पदवी २.९ जीपीएवर (श्रेणींची सरासरी, कमाल ४) कशीबशी पूर्ण केली होती. त्यातल्या ४० क्रेडिटच्या विज्ञान-गणिताचा जीपीए तर २.६ होता. त्यानंतर त्याने अमेरिकी लष्करात कॉम्बॅट मेडिक (जवानांवर प्राथमिक उपचार करणारा सैनिक) म्हणून चार वर्षे काढली. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, तरीही नातवाचा हा निर्णय घरात कोणाच्या पचनी पडला नव्हता.

पहिल्याच भेटीत आईने विचारले, “ताई, याचं वय निघून गेलं का हो?” वयाचा प्रश्न सर्वांत सोपा होता. तिकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांना वयाची कमाल अट नाही आणि तिशीतले विद्यार्थी प्रत्येक तुकडीत दिसतात. अवघड होती ती मुलाची स्वतःची समजूत, की सैन्यातली सेवा पाहून निवड समिती जुन्या गुणांकडे काणाडोळा करील. सेवेमुळे अर्ज लक्षपूर्वक वाचला जातो, हे खरे; पण जैवरसायनशास्त्राचा वेग या विद्यार्थ्याला झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर तीत नसते. लष्करी प्रशिक्षणाच्या प्रतिलेखात (ट्रान्सक्रिप्टमध्ये) क्रेडिटची शिफारस असते, श्रेणी नसतात, त्यामुळे जीपीए त्याने तसूभरही हलत नाही.

मग आम्ही हिशेब मांडला. दोन वर्षांत आणखी ४८ क्रेडिट विज्ञान घेतले आणि प्रत्येक विषयात ‘ए’ मिळवला, तरी एकूण जीपीए ३.२१ च्या पुढे जाणार नव्हता. विषय पुन्हा घेतला तरी अर्जाच्या केंद्रीय व्यवस्थेत (एकच अर्ज अनेक महाविद्यालयांना पाठवणाऱ्या) दोन्ही वेळच्या श्रेणी धरल्या जातात. वडील सॉफ्टवेअरमधले, आकडे पाहताच म्हणाले, “मग दोन वर्षं घालवायची कशाला?” त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असे की, केंद्रीय अर्जात पदवीच्या प्रत्येक वर्षाचा जीपीए स्वतंत्र ओळीत दिसतो आणि पदवीनंतर घेतलेल्या विषयांनाही त्यांची वेगळी ओळ मिळते. एकोणिसाव्या वर्षीचा २.६ आणि एकोणतिसाव्या वर्षीचा ३.९ एकाखाली एक वाचणाऱ्या व्यक्तीला सरासरीपेक्षा ती चढण अधिक सांगून जाते. काही महाविद्यालये सरासरी पाहूनच अर्ज बाजूला ठेवतात, हेही मी लपवले नाही. म्हणून कोठे अर्ज करायचा याची निवड महत्त्वाची ठरते.

खर्चाची बाजू सैन्यसेवेने सांभाळली. ९/११ नंतरच्या जीआय बिलाखाली, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाला मदत देणाऱ्या कायद्याखाली, त्याला ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा हक्क होता. मात्र सुटे विषय घेतले तर ही मदत बहुधा मिळत नाही, कारण नाव नोंदवलेल्या अभ्यासक्रमाला लागणाऱ्या विषयांचेच पैसे दिले जातात. म्हणून त्याने राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात जीवशास्त्राच्या दुसऱ्या पदवीला प्रवेश घेतला आणि दर सत्रात १२ क्रेडिट घेतले. एमकॅटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, घाई मी होऊ दिली नाही. ही परीक्षा ४७२ ते ५२८ गुणांची असते आणि जुने प्रयत्नही महाविद्यालयांना दिसतात. जैवरसायनशास्त्र संपल्यावर तो एकदाच बसला आणि त्याला ५१२ मिळाले.

निबंधाच्या पहिल्या मसुद्यात शिस्त, बलिदान, नेतृत्व असे मोठे शब्द होते. ते कोणत्याही माजी सैनिकाच्या निबंधात शोभले असते. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक काळ तळावरच्या सकाळच्या सिक कॉलमध्ये (आजारी जवानांच्या तपासणीत) गेला होता: गुडघे, कंबर, ताप आणि कवायत चुकवायला आलेले एकदोघे. खरोखर दुखणारा कोण आणि सबब सांगणारा कोण हे तो कसे ओळखत असे, तेच लिहायला मी सांगितले, आणि निबंध जिवंत झाला. बाहेरच्या रुग्णालयाचा अनुभव हवा म्हणून त्याने तातडीच्या विभागात अर्धवेळ कामही धरले.

दरम्यान कोणा नातेवाइकाने कॅरिबियन महाविद्यालये सुचवली. तिथे प्रवेश लवकर मिळतो, पण परतल्यावर रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण) मिळणे अमेरिकेतल्या पदवीधरांपेक्षा कठीण जाते, तेव्हा तो पर्याय मी सर्वांत शेवटी ठेवला. डी.ओ. ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांना मात्र पहिल्या यादीतच स्थान दिले. “म्हणजे हाडवैद्य का?” असे वडिलांनी विचारलेच! डी.ओ. पदवीधरांना अमेरिकेच्या सर्व राज्यांत औषधोपचार व शस्त्रक्रियेचे पूर्ण अधिकार आहेत आणि २०२० पासून रेसिडेन्सीची मान्यताव्यवस्थाही एम.डी. (तिथली नेहमीची पहिली वैद्यकीय पदवी) पदवीधरांसोबत एकच आहे, हे त्यांनी स्वतः तपासून पाहिले.

दोन वर्षांचा जीपीए ३.९ आला, एकूण ३.१९ झाला. एम.डी.च्या एका महाविद्यालयाने प्रतीक्षायादीत ठेवले, दोन डी.ओ. महाविद्यालयांनी जागा दिली. जीआय बिलाचे १८ महिने शिल्लक आहेत, परंतु खासगी महाविद्यालयासाठी त्याला वार्षिक मर्यादा असल्याने पूर्ण शुल्क भागत नाही. दुसरा मार्ग लष्कराच्या वैद्यकीय शिष्यवृत्तीचा: शुल्क आणि दरमहा भत्ता मिळतो, बदल्यात ढोबळमानाने जितक्या वर्षांची शिष्यवृत्ती तितकी वर्षे अधिकारी डॉक्टर म्हणून सेवा द्यावी लागते. आईला ही अट नको आहे, मुलाला हवी आहे. त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज पाठवला आहे, आणि जागा राखण्याची अनामत रक्कम वडिलांनी भरली आहे.