फळमाशीत इन्सुलेटर प्रथिनं म्हणजे जनुकांमधली भिंतच का?

तुम्ही विचारलंय, एन्हान्सर, म्हणजे जनुकाला दुरून चालू करणारा डीएनएचा तुकडा, भलत्याच जनुकाला चालू करू नये म्हणून इन्सुलेटर प्रथिनं मध्ये भिंत घालतात, एवढंच ना? बरीचशी पाठ्यपुस्तकं तसंच चित्र काढतात. मला ते अपुरं वाटतं, आणि ते का, हे माशीच बघून कळतं.

यलो या जनुकामुळे माशीला गडद रंग येतो. 'वाय-२' जातीच्या माशीत या जनुकाच्या प्रमोटरच्या (जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं, त्या भागाच्या) जरा आधी जिप्सी नावाचा उडता, म्हणजे जागा बदलणारा डीएनए घुसलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पंख आणि अंग पिवळट दिसतात, पण अंगावरचे राठ केस मात्र काळेभोर! पंख-अंगाचे एन्हान्सर जिप्सीच्या पलीकडे पडतात, केसांचा एन्हान्सर जनुकाच्या आतच, इंट्रॉन नावाच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात. अडतं ते फक्त पलीकडच्यांचं. अडवणारं प्रथिन आहे 'सप्रेसर ऑफ हेअरी विंग'. बारा झिंक फिंगरांनी, म्हणजे डीएनए पकडणाऱ्या बोटांसारख्या भागांनी, ते जिप्सीला धरून बसतं. तेच बिघडवलं, तर जिप्सी जागच्या जागी असूनही माशी पुन्हा गडद होते.

इथवर भिंत चालून जाते. पण २००१ मध्ये दोन गटांनी एन्हान्सर आणि प्रमोटरच्या मध्ये जिप्सीचे इन्सुलेटर, म्हणजे हे प्रथिन ज्यांना धरतं ते डीएनएचे तुकडे, एकाऐवजी दोन बसवले, आणि अडवणूक दुप्पट व्हायच्या ऐवजी जवळजवळ नाहीशीच झाली. भिंती अशा वागत नाहीत. सोपा अर्थ असा, की दोन्ही इन्सुलेटर एकमेकांशी जुळतात, मधला डीएनए फासासारखा बाहेर पडतो आणि एन्हान्सर उलट जवळ येतो. म्हणजे कोण कोणाशी जोडी जमवतं, यावर सगळं ठरतं.

माशीच्या उदराचे मागचे खंड घडवणाऱ्या अ‍ॅबडॉमिनल-बी जनुकाजवळ हेच रोज घडतं. फॅब-७ हा इन्सुलेटर सहाव्या आणि सातव्या उदरखंडाचे नियामक भाग वेगळे ठेवतो. तो कापला, की सहावा खंड सातव्यासारखा होतो. तरी सहाव्या खंडाच्या एन्हान्सरला फॅब-७ आणि फॅब-८ ओलांडूनच जनुकापर्यंत पोहोचावं लागतं, आणि तो पोहोचतो.

सस्तन प्राण्यांवरचं वाचून आला असाल, तर सीटीसीएफ हे तिथलं मुख्य इन्सुलेटर प्रथिनच सर्वेसर्वा असं धरू नका. माशीत बीईएएफ-३२, पिटा, झेडडब्ल्यू-५ अशी इन्सुलेटर प्रथिनांची बरीच मंडळी आहेत, आणि त्यातल्या कित्येकांच्या जोडीला सीपी-१९० हे साथीदार प्रथिन असतं. सीटीसीएफ अजिबात नसलं तरी माशीचा भ्रूण वाढतो, पुढे कोषावस्थेपर्यंतही जातो. उंदराचा भ्रूण अगदी सुरुवातीलाच मरतो.